कपाच्या काठापर्यंतचं अंतर

काचबिंदूने डावा डोळा गेल्यावर आई पुण्याहून इथे परदेशात, बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिने ओतलेला चहा कपाऐवजी तिच्याच मनगटावर पडला. मी चहाचं पातेलं वरच्या फळीवर ठेवून दिलं.

"चहासुद्धा करायचा नाही, तर इथे पाहुणी म्हणून बसू? पुण्याचं तिकीट काढ," ती म्हणाली.

दोन आठवडे हाच विषय चालला.

ऑफिसात तेव्हा ट्रे उचलणाऱ्या यांत्रिक हातासाठी मला कॅमेरे निवडायचे होते. शेजारी बसवलेल्या दोन कॅमेऱ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते. त्या फरकावरून तिचं अंतर काढता येतं. शनिवारी जेवणाच्या टेबलावर मी हिशोब मांडला. कॅमेऱ्यांमध्ये साठ मिलिमीटर, लेन्स चार मिलिमीटरची, सेन्सरचा पिक्सेल चार मायक्रॉनचा. सहाशे मिलिमीटरवरच्या ट्रेसाठी एका पिक्सेलची चूक म्हणजे अंतरात सहा मिलिमीटरची चूक. पिक्सेल निम्म्या आकाराचा घेतला तर चूक निम्मी. पण त्यावर उजेडही कमी पडतो. एका कॅमेऱ्याचा पर्याय मी पहिल्याच ओळीत खोडला होता. आईच्या बाबतीतही तेच केलं होतं.

"आजी पाणी ओतायच्या आधी डान्स करते," समोर बसलेली माझी मुलगी म्हणाली आणि शाळेतल्या इथल्या इंग्रजीत पुढे जोडलं, "सो फनी लाह."

"डान्स कसला, भवाने! ग्लास कुठे आहे ते बघते."

मी मान वर केली. ग्लासावर नजर ठेवून आईने डोकं आधी डावीकडे नेलं, मग उजवीकडे. मग पाण्याचा जग कलता केला. एक थेंबही बाहेर पडला नाही.

कॅमेरा एक, जागा दोन. वस्तू हलत नसेल तर तेवढं पुरतं. हे मला माहीत होतं.

"कधीपासून करतेस असं?"

"भाजलं तेव्हापासून. तुझं डोकं त्या कागदात."

मी एक डोळा मिटून मान हलवून पाहिली. ग्लास मागच्या टाइल्सवरून सरकला. मग खुर्चीवर चढून पातेलं खाली काढलं.

आईने आलं जास्तच किसलं. पहिला कप माझ्यापुढे आला. बशीत थोडा चहा होता.

"आजी, सांडला!"

"सांडला नाही. तुझ्या आईला लहानपणी बशीतलाच लागायचा."

मी बशी उचलली.