भावी फौजदार

माझा पहिला फ्लेक्स लागला तेव्हा माझा पदवीचा निकालसुद्धा लागला नव्हता.

आमच्या उचगावात फ्लेक्स लागायला काही कर्तृत्व लागत नाही. वाढदिवस पुरतो. बैलाचा असला तरी चालतो. आमच्या गल्लीतल्या एका बैलाचा फ्लेक्स माझ्याहून मोठा लागला होता, आणि हे मी अजून विसरलेले नाही. माझ्या वाढदिवसाला सकाळी कॉलेजला निघाले तर कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला मीच लटकलेली. डोकं माझं, परीक्षेच्या ओळखपत्रावरचं, तेल लावून चप्प बसवलेल्या केसांचं. खालचं खाकी धड मात्र कुणातरी पोट सुटलेल्या साहेबांचं, हातात काठी. वर लिहिलेलं, ‘उचगावची वाघीण, भावी फौजदार’. खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या तरुण मंडळाची अकरा पोरं, अकरांच्या डोळ्यांवर गॉगल आणि कानाला मोबाईल. मंडळाचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. त्याला मी रस्त्यातच धरला.

“दादा, हे काय हाय?”

“सरप्राईज!” म्हणाला. वर आणखी, “धड जरा जाड बसलंय, पण साहेब लोक असंच असत्यात.”

आता हे फौजदारकीचं खूळ आलं कुठून, तर माझ्याच तोंडातून. महिनाभर आधी एका लग्नात आत्ती माझ्या पंगतीला बसली होती. आत्ती म्हणजे आबांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. बाई फार मायेची, पण जगातली कुठलीही पोरगी बिनलग्नाची दिसली की तिला अन्न गोड लागत नाही. मला म्हणाली, “पुढं काय ठरीवलंयस? न्हाय म्हंजे एक स्थळ हाय. पोरगा कागलला कंपनीत हाय, पाच एकर बागायत हाय, आन् सासू न्हाय.” सासू नाही हे तिनं असं सांगितलं, जणू बाथरूम जोडून आहे. मी रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढं काय, ते मला कुठं ठाऊक होतं? तोंडात जिलेबी होती, घाईघाईत बोलून गेले, “मी स्पर्धा परीक्षा करतेय. फौजदारकी.”

आत्तीचा हात वाटीतच थांबला. मला वाटलं, चला, सुटले. पण आत्तीनं संध्याकाळपर्यंत ते सगळ्या भावकीत केलं.

खरं सांगायचं तर कॉलेजात आमची सगळ्यांची हीच गत होती. शेवटचं वर्ष म्हणजे ज्याला त्याला तोंडी परीक्षा. रिक्षावाला विचारतो, पुढं काय. झेरॉक्सवाला विचारतो, पुढं काय. प्राध्यापकही विचारायचे, म्हणजे तीन वर्षं शिकवून त्यांनाही पत्ता नाही. माझी मैत्रीण कुरुंदवाडची. तिनं सात ठिकाणी अर्ज भरले होते, शिक्षणाचे चार, नोकरीचे तीन, आणि कुणी विचारलं की त्या दिवशी जो आठवेल तो सांगायची. बाकीचे “बघू की” म्हणायचे. कोल्हापुरात “बघू की” हे पूर्ण उत्तर धरतात, पण फक्त पोरांच्या बाबतीत. पोरगी “बघू की” म्हणाली की लोक तिच्यासाठी बघायलाच लागतात.

फ्लेक्सनंतर मात्र माझा रुबाब वाढला. दूध घालायला गेले की डेअरीत लोक बाजूला होत, “साहेबांचं आधी घ्या रं.” रिक्षावाला पुढची सीट झाडून द्यायचा. मला ते आवडत होतं, उगाच खोटं कशाला बोलू? अभ्यासाचं एक पुस्तकही आणलं, उशीएवढं जाड. आईला पापडाच्या लाट्यांवर ठेवायला त्याचा चांगला उपयोग झाला.

सगळ्या जगानं विचारलं, पण आबांनी मला एकदाही विचारलं नाही, पुढं काय. रोज संध्याकाळी ते म्हशी घेऊन शहरातल्या कट्ट्यावर जायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळता पेला हातात द्यायचे. सकाळी डेअरीला जाताना मात्र कोपऱ्यावर सायकल थांबवायचे, खांद्यावरच्या टॉवेलनं फ्लेक्सवरची धूळ पुसायचे आणि पुढं जायचे. ते बघून मला वाटायचं, या माणसानं छापलेलं खरं मानलंय. आता याला कुठल्या तोंडानं सांगू?

परीक्षा संपली आणि मैत्रिणीनं आठवा अर्ज आणला, तोही दोघींचा. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात तपासणीला माणूस हवा होता. तिथल्या म्हाताऱ्या साहेबांनी आमच्यापुढं काजूच्या तीन बशा ठेवल्या आणि म्हणाले, ओल कशात जास्त आहे, यंत्राशिवाय सांगा. मैत्रीण बशांकडं बघत बसली. मी तिन्हीतला एकेक उचलला आणि दातानं फोडला. दोन कटकन तुटले, तिसरा नुसता दबला. मी म्हटलं, “ह्यो.” यंत्रानंही तोच सांगितला. साहेब हसले आणि तीन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी येतंय असं वाटलं. तिथल्या प्रयोगशाळेचा भाजक्या काजूचा वास मला इतका आवडला की एसटीत सारखे हात हुंगत होते. आठवड्यात फोन आला. सोमवारी हजर व्हा.

तो आनंद सांगायला म्हणून गोठ्यात गेले, तर आबाच म्हणाले, “रविवारी मधली म्हस बघाय माणूस येतोय. तुझी पुण्याची सोय करतो. तिथं क्लास लाव.”

मधली म्हैस म्हणजे आमच्या गोठ्याची पाटलीण. दुसऱ्या कुणाचा हात लागला की पान्हा चोरायची, आबांनी नुसतं खाकरलं तरी सोडायची. कट्ट्यावर लोक तिचंच दूध मागायचे. ती जाणार, माझ्या जिलेबीतल्या एका थापेपायी! शनिवारपर्यंत मी दहा वेळा बोलायचं ठरवलं आणि दहा वेळा शेण भरून परत आले. माझ्याइतकी भित्री वाघीण उचगावात दुसरी नसेल.

रविवारी सकाळी गिऱ्हाईक आलं. चांगला उंचापुरा माणूस, त्यानं म्हशीचे दात बघितले, पाठ चाचपली, खाली बसून कासेला हात घातला. मग हसून म्हणाला, “कोपऱ्यावर फ्लेक्स बघितला, पावणं. फौजदारणीच्या घरचं जनावर, आमी काय घासाघीस करणार?”

म्हैस मान वळवून आबांकडं बघत होती. माझ्यानं राहवलं नाही.

“आबा, म्हस विकू नगासा! मी फौजदार हुणार न्हाय. मला व्हायचंच न्हाय. मी आत्तीला थाप मारलीती. आजऱ्याला काजूच्या कारखान्यात नोकरी लागलीया, उद्या हजर व्हायचं हाय.”

गिऱ्हाइकाचा हात कासेवरच राहिला. आई दारात भाकरीच्या हातानं उभी. आबा वैरण सारखी करत होते, ती करतच राहिले.

“ठाव हाय,” म्हणाले.

“काय ठाव हाय?”

“तू फौजदार हुणार न्हाईस त्ये. गल्लीतलं कुत्रं भुकलं तरी मला हाक मारतीस. चोर काय पकडतीस, कप्पाळ?”

“मग रोज त्यो फ्लेक्स पुसत का हुता?”

“मीच लावाय सांगितलाता. दिसाय नको व्हय?”

आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

“आक्का महिन्याला दोन स्थळं आणाय लागलीती. थोरली भन, तिला तोंडावर न्हाय कसं म्हणू? फ्लेक्स लागल्यापास्नं एक पावणं उंबऱ्याला आलं न्हाय. फौजदारीण बघाय कोण येतंय?”

“आन् पुणं? क्लास?”

“क्लासचं मसणात जाऊ दे. तिथं ऱ्हायलीस की दोन-तीन वर्सं तुला कोण इचारणार न्हाय, पुढं काय म्हणून. तवर तुझं तुला कळंल. आमाला तर काय कळत न्हाय त्यातलं. पण तुला कळाय येळ नको व्हय?”

मी तिथंच, शेणाच्या पाटीशेजारी, मोठ्यानं रडले. इतके दिवस मला वाटत होतं की ते विचारत नाहीत, कारण त्यांना वाटतंय उत्तर ठरलंय. ते विचारत नव्हते, कारण मला उत्तर येत नाही हे त्यांना माहीत होतं. गिऱ्हाईक उठलं, हात झटकले, म्हणालं, “चहा तरी पाजा मग.” आईनं त्याला चहा दिला, मधल्या म्हशीच्या दुधाचा. तो बिचारा दुसरा कप मागून प्यायला.

सोमवारी आबा मला एसटीवर सोडायला आले. अजून मी आजऱ्यालाच आहे. कायम इथंच राहीन का, ते माहीत नाही. दिवाळीला आत्ती आली तेव्हा तिनं विचारलंच, फौजदारकीचं काय झालं. मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, “चाललाय की अभ्यास. आजऱ्यात शांतता हाय.”

पुढं ग्रामपंचायतीनं खांबांवरचे फ्लेक्स उतरवले. आबांनी माझा मागून आणला आणि गोठ्याच्या रस्त्याकडच्या बाजूला बांधला, पाऊस आत येऊ नये म्हणून, असं म्हणाले. मी सुट्टीला गेले तर आमच्या घराआधी मीच दिसले, पोट सुटलेली, काठीवाली. म्हटलं, “आबा, लाज वाटतीया. तोंड आतल्या अंगाला करा की, म्हशीकडं.”

“न्हाय,” म्हणाले. “पावणं ह्याच वाटंनं येत्यात.”