लिहिलं म्हणजे झालं नाय

“आजोबा, केसपेपरवर लिहिलेलं होतं हो…” एवढंच दवाखान्यातला तो पांढऱ्या कपड्यातला माणूस बोलला. माझी बायको नलिनी तोवर गेली होती. ताप उतरेना म्हणून पालघरला दाखल केली होती. दाखल करतानाच तिने सांगितलं होतं, अमुक इंजेक्शन मला सोसत नाय, मागं जिवावर बेतलेलं. त्यांनी लिहून घेतलं. शिफ्ट बदलली, नवा माणूस आला, त्याने तेच टोचलं. महिना होऊन गेला… लोक सांगतात, तिची वेळ आली होती. वेळबीळ काय नाय. कागद वाचला नाय.

आणि मेली कोण, तर जिनं उभा जन्म ‘परत वाचा’ म्हणण्यात घालवला ती. तारापूरच्या एका कारखान्यात ती मशीनचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवायच्या लाइनवर होती. लाइन बंद झाली तेव्हा बेटेगावात आमच्याच पडवीत टेबल मांडलं तिने. वाडीतल्या पंपांचे, वॉशिंग मशीनचे बिघडलेले बोर्ड यायचे. त्यात मुंगळ्याएवढी काळी चिप असते. तिच्यातलं लिहिलेलं पुसलं गेलं की पंप मेला. ते परत लिहायचं. कंपनीचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं, वर दरवर्षी परवानगी मागायची, हे तिला पटेना. भंगारातून कॉम्प्युटर आणला, माझ्या पुतण्याकडून, विलासकडून, त्यावर लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम टाकून घेतली. चिप लिहायचा प्रोग्राम असा, की कुठल्या कुठल्या लोकांनी मिळून बनवलेला आणि आतल्या कोडासकट सगळ्यांना मोकळा ठेवलेला. बोईसरचा दुकानदार हसला, “वहिनी, फुकटच्या मालाचा काय भरवसा?” नलिनी म्हणाली, “तुझा इकतचा माल आत काय लिवलंय ते दाकवतो का? माजा दाकवतो.”

कॉम्प्युटरच्या वायरीचा चिमटा चिपला लावायची, लिहायची, पण चिमटा लगेच काढायची नाय. कॉम्प्युटर ती चिप पहिल्यापासून परत वाचायचा, ताडून बघायचा. जुळलं की पडद्यावर एक इंग्रजी शब्द उमटायचा. मी चौथी शिकलेला, पण तो शब्द लांबूनही ओळखतो. गिऱ्हाईक घाई करायचं, “भाभी, लिख दिया ना? दे दो.” ती म्हणायची, “लिखा है, पढ़ा नहीं अभी. बैठो.” मलाही तेच. गॅस बंद केला म्हटलं, की “अवो, परत जाऊन बगा.”

“मी काय चिप हाय तुजी?”

“चिप बरी. खोटं नाय बोलत.”

दवाखान्यात जायच्या दिवशीही अंगात ताप, दारात रिक्षा, आणि ही टेबलाशी. शब्द उमटेपर्यंत उठली नाय. रिक्षावाला हॉर्न मारून दमला. दुसऱ्याच्या पंपासाठी एवढं… आणि तिच्यासाठी एक कागद कुणाच्यानं वाचून झाला नाय!

तक्रार विलासने लिहून दिली. दवाखान्याचं उत्तर आलं, “नोंद केली आहे.” नोंद! त्या नोंदीवर भरवसा ठेवूनच तर ती खाटेवर निजली होती. विलास म्हणतो, “काका, सोडा आता. काकी परत येणार हाय का?” नाय येणार, ठाऊक हाय मला. मला पैसा नको. मला एक माणूस पाहिजे, जो तोंडानं म्हणेल, मी वाचलं नाय.

तिने चिमटा काढून ठेवला तिथंच आहे, टेबलावर. मी हात लावलेला नाय. दर सोमवारी रिक्षा करून दवाखान्यात जातो. खिडकीतल्या बाईला सांगतो, फाइल काढा, परत वाचा.

“आजोबा, मागच्या सोमवारी वाचली की.”

“जुळलं नाय अजून. वाचा.”

बाई वाचायला लागते. इंजेक्शनच्या ओळीशी तिचा आवाज खाली जातो. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतो. मारू दे. मी उठत नाय.