अळणी ठेचा आणि गाडीची किल्ली

बाबांनी मोटारसायकल शेजाऱ्यांच्या कडब्याच्या गंजीत घातली, त्याच दिवशी मी किल्ली काढून घेतली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन होईपर्यंत गाडी बंद, असं मी जाहीर केलं. पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला आणि म्हणाले, "बीपी फार आहे. आधी ते खाली आणा, मग बघू." गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या खेपेलाही तेच उत्तर.

मी बदनापूरच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरचं आरोग्यखातं माझ्याकडे. मी मीठ तोडलं. वरण अळणी, भाजी अळणी, आईच्या हातचा ठेचासुद्धा अळणी! अळणी ठेचा हा माणसावर अन्याय आहे, हे मला मान्य आहे. पण मी हट्टाला पेटले होते. आई मुकाट्यानं जेवायची. बाबा मात्र घासाघासाला कुरकुरायचे, "हे जेवण हाय का औषध?"

दिवसभर ते दारातल्या कडुलिंबाखाली बसून जाणाऱ्या गाड्या आवाजावरून ओळखायचे आणि उसासे टाकायचे. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलच्या भट्टीसमोर लालभडक सळ्या चिमट्यानं धरण्यात त्यांची उमर गेली होती. ऊन असो, पाऊस असो, रोज गाडीवर ये-जा. तो माणूस आता साधं दूध आणायलाही माझी वाट बघायचा. मला ते बघवत नव्हतं.

एका दुपारी मी शाळेतून उन्हात तापून आले आणि समोर दिसली ती बाबांची पाण्याची बाटली तोंडाला लावली. पहिलाच घोट अंगणात थुंकला. खारंजहर पाणी!

"बाबा, हे काय पिताय?"

"मीठ-पाणी," ते शांतपणे म्हणाले. "मिलमधी सगळेच पेत होते. भट्टीवर हे न्हाई पेलं तर माणूस चक्कर येऊन पडतो."

"अहो, भट्टी सुटून वर्षं झाली! आता तुम्ही सावलीत बसता."

"मंग? सवय थोडीच रिटायर होती."

आई चुलीपासून उठून आली. "आन् तुमच्यापायी मी अळणी गिळून राह्यले!" एवढं बोलून तिलाच हसू फुटलं. मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

मी तिथंच, लिंबाखाली तास घेतला. म्हटलं, हृदय म्हणजे आपली विहिरीवरची मोटार. आवळलं की रक्त बाहेर ढकलतं, सैल पडलं की पुन्हा भरून घेतं. रक्त मागं फिरू नये म्हणून आत दारं असतात. डॉक्टर नळी लावून ऐकतात, तो ती दारं लागल्याचा आवाज. भट्टीवर तुमचं मीठ घामातून जायचं, ते भरून काढणं बरोबर होतं. आता तेवढा घामच नाही. जास्तीचं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं, मग नसांमध्ये रक्ताचा दाब वाढतो आणि हृदयाला जोर लावावा लागतो.

बाबा विचारात पडले. "म्हंजे मोटार बराबर हाय. मीच पाणी जास्त सोडून राह्यलो."

"बिलकुल."

बाटली त्यांनी स्वतः मोरीत ओतली. गोळ्या चालूच होत्या, आणि आकडा हळूहळू उतरत गेला. आधी एक डोळा झाला, मग दुसरा. डॉक्टरांनी गाडीला परवानगी दिली त्या दिवशी मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती पदकासारखी सगळ्यांना दाखवली आणि मला म्हणाले, "बस मागं."

जालना रोडला लागल्यावर ते दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचू लागले. पंक्चरचं दुकान, बियाण्यांच्या जाहिराती, समोरच्या टेम्पोचा नंबरसुद्धा. मी आधारासाठी त्यांच्या पाठीवर हात ठेवला होता.

"काय माय," ते वाऱ्यात ओरडले, "दारं बराबर लागून राह्यलीत का?"

मी तळहात पाठीवर घट्ट दाबला.

"बिलकुल बराबर, बाबा! तुम्ही समोर बघा!"

"समोरच बघून राह्यलो," ते म्हणाले. "लई दिसून राह्यलं."