पाहुण्यासमोरची मीटिंग

सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसं तयार होतं, यावर मी संशोधन करत होतो. त्यासाठी अमरावतीतल्या एका छोट्या कंपनीत कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचो. एरवी तिथली रीत सोपी होती. काही बिघडलं की प्रोग्रामर मोटरसायकलवर गिऱ्हाइकाकडे जायचा आणि तिथेच बसून दुरुस्त करायचा. माझ्यासमोर मात्र, पाहुणा आल्यावर घर आवरावं तसं त्यांनी काम आवरलं. फळ्यावर रंगीत चिठ्ठ्या लागल्या, रोज उभ्याने मीटिंग होऊ लागली.

ऐन कापसाच्या हंगामात अकोल्याच्या जिनिंगवाल्या शेठचा फोन मीटिंगमध्येच आला. यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काट्यावरचं वजन बिलात उतरत नव्हतं. कंपनी त्याच्याच कामावर चालत होती. प्रोग्रामर हेल्मेट घेऊन उठला, तर मालकाने त्याला हातानेच थांबवलं.

"शेठ, तुमचा मुद्दा चिठ्ठीवर घेतला आहे. उद्या प्राधान्य ठरवतो."

"चिठ्ठ्या काहून लावून राहिले बावा? माणूस पाठवा ना! इथं गाड्यांची लाइन लागली."

मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि मीटिंग पुढे चालवली.

संध्याकाळी शेठने दुसरी कंपनी धरल्याचं कळलं. प्रोग्रामरने हेल्मेट परत खुंटीला अडकवलं. पंखा फिरत होता.

"सर, मीटिंग पद्धतशीर झाली ना?" मालकाने विचारलं.

"झाली," मी म्हणालो. खरंच झाली होती.