हैबतीची पासिंजर

लग्न होऊन रतनबाई वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यावर आली, तेव्हा सासरची माणसं, कुत्री आणि मेंढरं ओळखायला तिला फार वेळ लागला नाही. नवरा मात्र कळेना. हैबती तसा चांगला होता. पण जेवता जेवता मध्येच घास हातात धरून म्हणायचा, "मालगाडी न्हाई हां. पासिंजर."

"आँ?"

"माल काय, कुनीबी वडंल. आपन मानसं न्यायची."

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते नीरेकडे. तोरण्याखालचा पाऊस मेंढरांना सोसत नाही, म्हणून आखाडाच्या आधी कळप पूर्वेला उतरायचे. एका वर्षी रूळ ओलांडताना मेंढरं मध्येच बसकण मारून राहिली आणि पुण्याकडून आलेली पासिंजर त्यांच्यासाठी उभी राहिली. डब्यांतून शिव्या आल्या. इंजिनातला कोळशाने माखलेला माणूस मात्र खाली वाकून म्हणाला, "जाऊ दे बाबा तुझी वऱ्हाडी मंडळी आधी." एवढं मोठं धूड हाताखाली असून कुणी असं हसतं, हे हैबतीला ठाऊक नव्हतं.

मग बेत सुरू झाला. पायथ्याच्या गावातला गेनू पुण्याला इंजिनाच्या शेडमध्ये लागला होता. तो सणाला घरी आला की हैबती त्याची पाठ सोडायचा नाही. गेनूने त्याला वाट समजावून दिली. आधी खलाशी, म्हणजे इंजिन पुसायचं. मग फायरमन, म्हणजे कोळसा मारायचा. मग मालगाडी. आणि केस पिकायला लागले की पासिंजर.

"मदली मालगाडी चुकवता येती का?"

"लेका, सायबाचा जावई लागून गेलास का?"

वयाचा दाखला भोर संस्थानच्या कचेरीतून आणायचा होता. त्यापायी हैबतीने भोरला चालत खेटे घातले. तिथला कारकून म्हणाला, "इंजिनाला काय काठी घेऊन हाकणार काय रे?" हेही हैबतीने घरी येऊन हसत हसत सांगितलं. तेव्हा तो हसायचा.

रतनबाईलाही त्यात गोडी लागली. नोकरीआधी डोळे तपासतात, तांबडं-हिरवं लांबून ओळखता आलं पाहिजे, असं गेनू सांगून गेला होता. मग ती बांधावर उभी राहून कधी खणाची हिरवी चोळी हलवायची, कधी सासऱ्याचं तांबडं मुंडासं. हैबती तोंडाने भकभक करत उतारावरून यायचा. तांबडं दिसलं की जागच्या जागी थांबायचा.

सासरे सोनबा चिलीम ओढत म्हणायचे, "सूनबाईनं दावलं की थांबतोय. डायवर घरातच पक्का झाला म्हना की!"

"मामंजी, तुमचं मुंडासं सिग्नल हाय, धुवायला टाकू नगा," रतनबाई म्हणायची.

हैबती एकदाही चुकला नाही.

एकोणीसशे एकोणतीस सालची दिवाळी झाली आणि तो गेनूबरोबर पुण्याला गेला. परत आला तेव्हा रतनबाई भाकरी थापत होती. त्याने खांद्यावरची घोंगडी काढून नीट घडी घातली.

"काय झालं?"

"न्हाई घेतलं."

"म्हंजी?"

"डोळं न्हाईत म्हनं मला."

"अवो, नीट सांगा की!"

त्याने सांगितलं. दुसऱ्याच्या घरात घडलेलं सांगावं तसं सांगितलं. डॉक्टरने टेबलावर लोकरीच्या लडींचा ढीग ओतला. त्यातली एक लड बाजूला ठेवली आणि म्हणाला, हिच्यासारख्या निवडून काढ.

"लोकर?" रतनबाईला हसूच फुटलं. "मग देवच पावला की!"

"मलाबी तसंच वाटलं. म्हनलं, आपल्याच घरात आलो."

"मग?"

"मग निवडली."

"कशी?"

"कशी म्हंजी? आबांनी शिकवलीय तशी."

रतनबाईचा हात परातीतच राहिला. सोनबांच्या घरी लोकर निवडायची रीत एकच. डोळे मिटायचे, लोकर अंगठ्याखाली फिरवायची. मऊ मऊशी, राठ राठाशी. उघड्या डोळ्यांनी निवडणाऱ्याला सोनबा उठवून लावायचे.

"डोळं मिटलंत तुमी?"

"व्हय."

"डाक्टरम्होरं?"

"लई चांगली निवडली गं. येकबी चुकली न्हाई."

"अवो, त्यो रंग बगत आसंल!"

"व्हय. भायेर आल्यावर गेनू त्येच म्हनला."

"मग परत आत जायाचं! सांगायचं त्यास्नी!"

"गेलो की. दाराशी शिपाई म्हनला, कागदावर चढलं. फुडचा या."

रतनबाई रडली. तो रडला नाही. सोनबा म्हणाले, "म्या शिकवलं त्येच आडवं आलं व्हय रं?"

"न्हाई आबा. परदेशातली लोकर व्हती. लई मऊ." एवढं बोलून तो भाकरी खायला बसला.

वाड्यावरच्या पोरांनी काही दिवस मजा करून पाहिली. "हैबतीदादा, ही मेंढी कसल्या रंगाची?"

"काळी."

"आन् ही?"

"पांढरी."

तो चिडेना, म्हणून पोरंही कंटाळली.

पुढे रतनबाईला मुलगी झाली. सोनबा गेले. भकभक नाही, पासिंजर नाही. जेवताना तो जेवायचा तेवढा. मग एका शिमग्याला गेनू डोंगर चढून वर आला. घामाघूम, पण तोंडभर हसू.

"हैबत्या, डाक्टर बदलला! म्या मुकादमाला पटवलंय. बाजारच्या दिशी वेल्ह्यात ये, तितनंच निगू."

"बरं," हैबती म्हणाला.

बाजारच्या दिवशी रतनबाईने उठून भाकऱ्या बांधल्या. बाहेर आली, तर मेंढरं कोंडायची वाघूर उघडी आणि हैबती कळप घेऊन चढाला लागलेला. ती फडकं हातात घेऊन मागे धावली.

"अवो, गेनूभावजी खाली थांबल्यात!"

"थांबू देत."

"ह्या खेपंला नुसतं तांबडं-हिरवं सांगायचं. येवडंच!"

"येतंय मला."

"मग चला की!"

तो थांबला. चुकून आपल्यात आलेल्या दुसऱ्याच्या मेंढराकडे बघावं तसा तिच्याकडे बघत राहिला. "रतने, पासिंजर म्हनलं की मला कसं वाटायचं गं?"

"त्ये तुमास्नीच ठावं!"

"त्येच म्हनतो. आठवत न्हाई."

आणि तो मेंढरांमागे गेला.

वेल्ह्याच्या बाजारात गेनू पारावर बसून वाट बघत होता. रतनबाईला एकटीला बघून उठला.

"वैनी, भ्याला का काय त्यो?"

"भ्याले आसते तर वडत आनलं आसतं, भावजी."

तिने भाकऱ्यांचं फडकं गेनूच्या हातात दिलं. तो नसरापूरच्या वाटेला लागला आणि दिसेनासा झाला. रतनबाई थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मग खाली आलीच होती म्हणून तिने मीठ घेतलं, मिरच्या घेतल्या, आणि चढ चढायला लागली.