म्हापशाचे की मडगावचे?

माणूस भेटला की आधी आडनाव विचारायचं आणि त्यावरून त्याच्या सात पिढ्यांची कुंडली मांडायची, ही आपली खोड मी बहरीनला जातानाही सोबतच नेली होती. ऐंशीच्या सुमारास आमच्या मनामा शहरातल्या ऑफिसात नवा ड्राफ्ट्समन आला. आडनाव फर्नांडेझ. मी थेट मराठीतच विचारलं, “म्हापशाचे की मडगावचे?” तो गोंधळून हसला. स्वारी फिलिपिन्सची निघाली.

पण गप्प बसेन तर मी कसला! “मग हे आडनाव कुठलं?”

“स्पॅनिश. फर्नांडोचा मुलगा, असा अर्थ. आमच्या घराण्यात फर्नांडो कुणीच नव्हता. स्पॅनिश गव्हर्नरनं आडनावांची यादी काढून तिची पानं गावोगाव वाटली. आमच्या वाट्याला ‘एफ’चं पान आलं, म्हणून अर्ध्या गावाचं आडनाव ‘एफ’वरून.”

मी पोट धरून हसलो. परक्या सरकारनं चिकटवलेलं आडनाव पिढ्यान्‌पिढ्या मिरवायचं म्हणजे कमालच! “आमचं बघ,” मी छाती फुगवून म्हटलं, “अस्सल मराठी. पारसनीस!”

शेजारच्या टेबलावरच्या बहरीनी टायपिस्टनं टायपिंग थांबवलं. त्याच्या घरी फारसी बोलत.

“फारसीनवीस?” तो म्हणाला. “म्हणजे फारसी लिहिणारा. ही तर दरबारातली नोकरी. कुठल्या सुलतानानं दिली?” मग त्यानं एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. “यल्ला, चला, लिहा दोन ओळी.”

फर्नांडेझनं पेन्सिलीला नीट टोक काढलं आणि ती माझ्या हातात दिली.