प्लेअर बंद पडतो त्या जागी

रविवार, सकाळी, नाश्त्याच्या बशा उचलल्यानंतर. आदल्या दिवशी आईचं वर्षश्राद्ध झालं होतं. हजर : मी; माझ्या पाठची बहीण, बेळगावहून; धाकटा भाऊ आणि त्याची बायको, पुण्याहून. जागा : बेळ्ळंदूरचा माझा फ्लॅट, आईची खोली, जिथे आता कॉम्प्युटर ठेवलाय. काम एकच : आईचा व्हिडिओ लावणे.

व्हिडिओ भावानं काढलेला. आईच्या शेवटच्या दिवाळीला तो येऊन गेला होता. मी औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात त्यानं आईला बोलतं केलं. निघताना फोन भरलाय म्हणून ती फाइल माझ्या कॉम्प्युटरवर टाकायला घेतली. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. गडबडीत केबल निसटली, ती पुन्हा खुपसली, फाइल पोचली असं धरून फोनमधली काढून टाकली आणि विमानतळ गाठला. मग वर्षभर फोनवर सांगत राहिला, "अक्का, आई काय बोललीय तुझ्याबद्दल! 'अक्कानंच केलं सगळं' असं काहीतरी. ऐक ना कधीतरी."

आमच्या घरात मी अक्का. बेळगावकडचा रिवाज. थोरली बहीण ती अक्का, मग ती पन्नाशीची झाली तरी.

ऐकायला मी किती वेळा तरी बसले. आई पदर सारखा करते. "चालू झालं काय रे?" म्हणते. भाऊ "बोल गं" म्हणतो. आई तोंड उघडते आणि प्लेअर बंद पडतो. खिडकीच नाहीशी होते. दर वेळी त्याच जागी.

ते वाक्य मला हवं होतं. नुसतं ऐकायला नाही, या तिघांच्या देखत हवं होतं. आई अंथरुणावर पडल्यापासून भावानं दर रविवारी फोनवर सल्ले दिले. बहीण दर उन्हाळ्यात म्हणायची, "आमच्याकडं पाठव की चार महिने", आणि उन्हाळा संपेपर्यंत पुन्हा विषय काढायची नाही. आणि आई माझ्याशी बोलायची ती तक्रारीपुरती. पाणी गार आहे. भात मऊ नाही. फिजिओथेरपीवाला उशिरा आला. चांगला शब्द तिनं माझ्यासाठी राखून ठेवलाच असेल, तर तो या फाइलमध्ये होता.

"सिस्टीम जुनी आहे गं अक्का," भाऊ खुर्चीत बसत म्हणाला. "प्लेअर अनइन्स्टॉल करून परत टाकू."

"टाकलाय. अपडेटही केलाय. मेमरी बघितली, डिस्क बघितली, व्हायरस बघितला."

"मग रीस्टार्ट?"

"ऑफिसात लोकांना हेच सांगतोस काय रे, पगार घेऊन?" बहीण म्हणाली. भावजय हसली.

मी त्याला उठवलं आणि स्वतः बसले. आधी दुसरा व्हिडिओ लावला, बहिणीच्या मुलीच्या लग्नाचा. शेवटपर्यंत चालला. म्हणजे प्लेअर धड होता. मग आईची फाइल माझ्या फोनवर घेतली. फोनवर ती उघडलीच नाही. म्हणजे बिघाड फाइलमध्ये होता.

"केबल," मी म्हणाले.

"काय केबल?"

"त्या दिवशी तू ओढलेली."

"ओढली नव्हती. निसटली होती."

"निसटली. बरं."

बहीण खिडकीबाहेर बघायला लागली. खाली रिंग रोडवर रविवारीही गाड्या ठप्प होत्या.

दुसरा एक प्लेअर मी आधीच उतरवून ठेवला होता. त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक कार्डाची मदत बंद केली. फाइलमधला खराब तुकडा कार्डाला झेपत नसला, तर सगळा प्लेअरच कोसळतो. कार्ड बाजूला ठेवलं की चित्र फाटतं, पण गाडी पुढे जाते, असं मी वाचलं होतं. तसंच झालं. आईनं तोंड उघडलं आणि तिचा चेहरा चौकोनाचौकोनांत विस्कटला. पण खिडकी टिकली आणि आवाज पुढे चालू राहिला.

"अक्कानंच केलं बघ सगळं," आई म्हणाली. "ती नसती तर मी कधीच गेले असते."

भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी हललेसुद्धा नाही.

"अंघोळ घालते. वेणी घालते. उन्हात बसवते. माझ्या माहेरच्या गोष्टी ऐकते, त्याच त्याच, तरी ऐकते. घाई नाही तिला कसली. बाकीच्यांना सगळ्यांना घाई."

पुढे चित्र पुन्हा जुळलं. भाऊ विचारत होता, "आणि औषधपाणी?" आई म्हणाली, "होतंय की ते." व्हिडिओ संपला.

"अक्का, आणि घाई नाही?" भावजय डोळे पुसता पुसता हसली. "आईंना बरं वाटावं म्हणून किती बदलला होतात हो तुम्ही."

"ऐकलंस ना?" भाऊ म्हणाला. "आता तरी मनात काही ठेवू नकोस. आईनं पावती दिली तुला."

बहीण म्हणाली, "आम्हाला कधी नाही गं असं म्हणाली. नशीबवान आहेस."

मला अक्का ते दोघं म्हणतात. भावजय म्हणते, भाचरं म्हणतात. आईनं मला जन्मात अक्का म्हटलं नाही. कुठली आई म्हणेल? ती मला नावानं हाक मारायची, आणि रागावली की सासरच्या आडनावासकट. पण आईजवळ दिवसभर बसायला मी एक बाई ठेवली होती. कन्नड बोलणारी, बोम्मसंद्र्याला राहणारी, मुलगा तिथल्याच कारखान्यात. इथे कन्नड मुलखात पोक्त बाईला कोणीही अक्का म्हणतं, भाजीवाला म्हणतो, वॉचमन म्हणतो. आईही तिला अक्काच म्हणायची. हे कळायला आठ-पंधरा दिवस सलग या घरात राहावं लागतं. समोर बसलेल्यांपैकी कोणी तेवढं राहिलेलं नव्हतं.

वेणी तीच घालायची. उन्हात तीच बसवायची. आईच्या माहेरच्या गोष्टी तिला मोडक्या मराठीत पाठ झाल्या होत्या. मी त्या वेळी ऑफिसात असायचे, नाहीतर रिंग रोडवर, नाहीतर हॉस्पिटलच्या काउंटरपुढे विम्याचे कागद घेऊन. त्या बाईला मी शोधलं, मी ठरवलं, ती सुट्टीवर गेली की मी रजा टाकली. तिला घाई नव्हती, कारण तिच्या वाट्याची घाईही मीच करत होते. आईच्या हिशेबी माझं एवढंच : होतंय की ते.

हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. भाऊ रुमालानं नाक पुसत होता. सांगितलं असतं तर बहीण म्हणाली असती, "अगं, आईच्या मनात तूच." भाऊ म्हणाला असता, "प्रत्येक गोष्टीत काय काढतेस." आणि मग त्या दोघांनी मिळून माझी समजूत घातली असती. ते मला नको होतं.

"पेनड्राइव्ह आणलेत ना?" मी विचारलं. "द्या. कॉपी करून देते."

आणि दोघांना कॉपी करून दिली. पेनड्राइव्ह नीट लागलाय का, ते दर वेळी हात लावून बघितलं. निघताना भावानं दारात वाकून नमस्कार केला. तो एरवी करत नाही. मी करू दिला.

ते गेल्यावर कॉम्प्युटरवरचा जुना प्लेअर काढून टाकला, नवा कायमचा केला. त्या दिवशी गडबडीत इथेच राहिलेली भावाची केबल कचऱ्यात टाकली.

श्राद्धाच्या आठवडाभर आधी त्या बाईचा फोन आला होता. "अम्मंदु विडियो इद्रे स्वल्प कळिसी, मेडम." अम्मांचा व्हिडिओ असला तर जरा पाठवा. मी "सरी, सरी" म्हणून, म्हणजे हो म्हणून, फोन ठेवला होता. तेव्हा व्हिडिओ चालत नव्हता, म्हणून पाठवला नाही. आता चालतो. नवा प्लेअर कसा बसवायचा, तेही तिच्या मुलासाठी कन्नडमध्ये लिहून ठेवलंय. तिचा नंबर उघडून, फाइल जोडून ठेवलीय.

बोम्मसंद्र्याला पाठवणे : बाकी.